गुंडाळू

अँटॉप हिल,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. कालिंदीमावशी,

इथूनच वाकून नमस्कार केला आहे, पाठ धरली तर दोष तुझा.

पत्र पाहून तुझ्या मनात पहिलं येईल की हिला काय हवंय. सांगून टाकते. मला एक शब्द हवाय.

लालबागचा माझा बालवर्ग तुला ठाऊक आहे. मंडळाच्या खोलीत भरतो, मुलं चार-पाच वर्षांची, आवाज मात्र मिरवणुकीचा. गणपतीनंतर कुणीतरी पुस्तकांचं एक खोकं आणून दिलं. त्यात एका हेजहॉगचं इंग्रजी चित्रांचं पुस्तक निघालं. मुलं त्याच्या प्रेमात पडली. रोज तेच वाचा म्हणतात. मराठीत सांगताना मी बेधडक ठोकून दिलं, हा साळू.

दुसऱ्या दिवशी प्राचीला सोडायला तिचे आजोबा आले. दगडू आजोबा पूर्वी गिरणीत होते, मूळचे मालवणकडचे. त्यांनी चष्मा पुसून चित्र नीट पाहिलं आणि सगळ्या मुलांसमोर म्हणाले, "बाई, ह्यां साळींदर न्हय. साळींदराचे काटे हातभर आसतत." त्यांच्या गावचा साळींदर कुत्र्याएवढा, परड्यातला सुरण उकरून खाणारा. माझा चित्रातला दोन मुठींत मावणारा. माझी चांगलीच पंचाईत झाली. तेव्हापासून वैभव नावाचा एक चिकट मुलगा रोज दारातच विचारतो की टीचर, मग ह्याचं नाव काय.

तेव्हा तू आठवलीस. मे महिन्यात आम्ही भुजला यायचो तेव्हा यशोधनकाका दिवेलागणीला अंगणात पाण्याची थाळी ठेवायचे आणि आम्हाला ओट्यावर गप्प बसवायचे. फुसफुस करत यायचा तो हाच ना? तिकडे त्याला काय म्हणतात? अजून येतो का? मुलांना हा प्राणी खरोखर पाहिलेलं माणूस हवंय, आणि माझ्या सगळ्या ओळखीत तसं माणूस तू एकटीच आहेस.

फोन केला असता, पण फोनवर तू "बरं आहे, ठेवते" यापुढे जात नाहीस. व्हिडिओ कॉलचं तर नावच काढायला नको, तुझा कॅमेरा कधीचा बिघडलेला आहे. शिवाय मुलांना पोस्टमन दाखवायचाय.

आता आईचा निरोप. बाबा गेल्यापासून ती प्रभादेवीच्या घरी एकटी आणि मी लग्न करून इकडे, त्यामुळे रविवारची भेट सोडली तर तिचा सगळा कारभार फोनवर चालतो. रोज म्हणते, ताईला लिही, ते घर विकून टाक आणि माझ्याकडे ये, यशोधनभावजी जाऊन तीन वर्षं झाली, किती दिवस एकटी राहणार. लिहिलं, माझं काम झालं. माझं मत विचारशील तर भूकंपानंतर तुम्ही दोघांनी ते घर पायापासून पुन्हा उभं केलंत, ते सोड म्हणायची माझी छाती नाही. पण काळजी वाटते. तू एकटी खरंच नीट राहतेस ना, एवढं मला खरंखरं सांग.

तुझी,
स्पृहा


भुज,
२८ नोव्हेंबर २०२४

चि. स्पृहा,

तुला आणि तुझ्या सगळ्या वानरसेनेला आशीर्वाद, जाडजूड अक्षरात.

अक्षर पाहून दचकू नकोस. मुलांना ओळखीची अक्षरं शोधता यावीत म्हणून मुद्दाम मार्करने लिहिते आहे. एका कागदावर चारच ओळी मावतात, म्हणून पाकीट फुगलंय.

दगडू आजोबांचं बरोबर आहे आणि तू चुकलीस. साळींदर वेगळा, हा वेगळा. इथे याला शेळो म्हणतात. संस्कृतात जाहक असा एक शब्द आहे, पण तो मुलांना सांगितलास तर ती तुझ्या वर्गात यायची बंद होतील. मराठीत, निदान मुंबईच्या मराठीत, त्याला नाव नाही. गिरगावात मी लहानाची मोठी झाले, तिथे हा कधी आलाच नाही. जो आला नाही त्याला कोण हाक मारणार?

आता माहिती लिहून घे. तो येतो तो आधी ऐकू येतो. सुक्या पानांत खसखस होते, मग फुसफुस, कुकरची शिटी व्हायच्या आधी होते तशी. नाक सारखं चालू असतं. किडे, नाकतोडे, भुंगे खातो, इथे विंचूही खातो. खाताना तोंडाचा आवाज करतो, तेव्हा मुलांना सांग की जेवताना आवाज करणारे तुम्हीच एकटे नाही. काटे आखूड असतात. तो ते फेकत बिकत नाही, ती थाप आहे. घाबरला की अंगाचा गोळा करतो. मग त्याला ओढून उघडायला जाऊ नये, तो आणखी घट्ट होतो. वास जरा उग्र असतो.

आणि हे नक्की सांग. त्याची नजर अधू असते, पण त्यावाचून त्याचं काही अडत नाही. कान आणि नाक यांवर त्याचा सगळा संसार व्यवस्थित चालतो.

हो, अजून येतो. थाळी मी रोज ठेवते. काका गेल्यावर एक दिवसही चुकवलेली नाही.

तुझ्या आईला सांग, मी ठणठणीत आहे. स्वयंपाक माझा मी करते. भाजी शेजारची हंसाबेन आणते, गप्पाही तीच आणते. घर विकायचं नाही, हा विषय मी तिच्याशी आणि तुझ्याशी एकदाच बोलते आहे.

कालिंदीमावशी


अँटॉप हिल,
१६ डिसेंबर २०२४

ती. मावशी,

आज नमस्कार एकटीचा नाही. आमचा अख्खा वर्ग लायनीत उभा राहून तुला नमस्कार करतोय. त्यातल्या दोघांनी एकमेकांना ढकललं, ते सोडून दे.

तुझ्या मोठ्या अक्षरांनी कमाल केली. मी ते कागद भिंतीवर लावलेत. मुलं बोट ठेवून 'क' आणि 'म' शोधतात. आमच्या संस्थेच्या बाईंना मी ऐटीत सांगितलं, माझ्या मावशीची कल्पना.

पण तुझ्या शेळोने घोटाळा केला. मी म्हटलं, आता त्याचं चित्र काढा. अर्ध्या वर्गाने शेळी काढली. शिंगांची, दाढीची आणि अंगभर काटे असलेली. मनवाने तर विचारलं की ही काटेवाली शेळी दूध देते का, आणि ते दूध टोचतं का. मग मी धीर करून जाहक सांगून पाहिलं. वैभव म्हणाला, हे खोकल्याच्या औषधाचं नाव आहे.

शेवटी मी नाव बाजूला ठेवलं आणि चादर घेऊन तो काय करतो ते करून दाखवलं. म्हटलं, हा घाबरला की स्वतःला असं गुंडाळून घेतो. वैभवने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग हा साळू नाय टीचर. गुंडाळू." तेव्हापासून लालबागेत या प्राण्याला गुंडाळू म्हणतात. दगडू आजोबांनीही मान डोलावली. म्हणजे आता मराठीत शब्द आहे, तुला आणखी कुणाला कळवायचं असेल तर कळव.

मग आम्ही एक गुंडाळू केला. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून उरलेली शाडू मागून आणली. पोटाचा गोळा सगळ्यांनी मिळून थापला, त्यामुळे तो जरा एका बाजूला झुकलाय. काट्यांसाठी खराट्याचे हीर घेतले. ते कापून द्यायला दगडू आजोबा आले होते. माती ओली असताना प्रत्येकाने आपापले हीर खोचले. रंगही कारखान्यातूनच मिळाला, पण कुठला द्यायचा यावरून वर्गात दोन तट पडले आणि रडारड झाली. मी जाहीर केलंय की निकाल भुजच्या आजी देतील, कारण खरा गुंडाळू त्यांनीच पाहिलाय.

पार्सल आजच टाकलं. नीट पाहून निकाल कळव. दोन प्रश्नही आहेत. गुंडाळूची पिल्लं जन्मतात तेव्हा आईला टोचतात का? आणि तो दूध पितो का?

आई म्हणते, ताईने घराचा विषय काढू नको म्हटलं तर मी काढणार नाही, स्वतःच भुजला येऊन बघते ती कशी राहते ते.

तुझी,
स्पृहा


भुज,
४ जानेवारी २०२५

चि. स्पृहा आणि गुंडाळूचे सर्व जन्मदाते,

तुमचा गुंडाळू सुखरूप पोचला. खोकं हंसाबेनने उघडलं. एक पाय वाटेत निखळला होता, तो मी गोंदाने बसवलाय. सध्या तो माझ्या देवघराच्या बाजूला मुक्कामाला आहे.

फारच छान झालाय. पोट गुळगुळीत, नाक पुढे आलेलं, अगदी असंच असतं. कान थोडे मोठे हवे होते. काटे मात्र भलतेच लांब झाले. खरा काटा बोटाच्या पेराएवढा, हे बोटभर आहेत. यात दगडू आजोबांच्या साळींदराचा हात दिसतो. त्यांना सांग, पुढच्या वेळी कात्री माझ्या हुकमाने चालवायची.

रंगाचं म्हणाल तर रंग हुबेहूब साधलाय. खोक्यातून बाहेर काढल्याबरोबर मी म्हटलं, हाच तो. तेव्हा ज्यांनी हा रंग लावायचा हट्ट धरला त्यांचं बरोबर, आणि जे रडले त्यांनी आता डोळे पुसावेत.

पिल्लांचे काटे जन्मताना कातडीखाली दडलेले असतात, म्हणून आईला टोचत नाहीत. थोड्याच वेळात ते वर येतात, मऊ आणि लवचिक. दूध अजिबात देऊ नये, त्याचं पोट बिघडतं. पाणी ठेवावं. आणखी एक गंमत. एखादा नवा वास मिळाला की तो ती वस्तू चाटून चाटून तोंडाला फेस आणतो आणि तो फेस स्वतःच्या काट्यांना फासतो. काकांच्या निलगिरी तेलाच्या बाटलीचं बूच त्याने एकदा असंच वापरलं होतं. असं का करतो ते मोठमोठ्या लोकांनाही नक्की कळलेलं नाही. मुलांना विचार, त्यांना काय वाटतं.

तुझ्या आईला इतक्यात पाठवू नकोस. इथे थंडी फार आहे, तिला सोसायची नाही. दाराशी येऊन उभी राहिली तर मी रागावेन असं सांग.

कालिंदीमावशी


अँटॉप हिल,
१२ जानेवारी २०२५

मावशी,

तो गुंडाळू राणी रंगाचा आहे.

कारखान्यात देवीच्या साडीचा रंग उरला होता, चकचकीत राणी. अर्ध्या वर्गाला तो हवा होता, अर्ध्यांना पुस्तकातल्यासारखा तपकिरी. राणीवाले जास्त जोरात रडले म्हणून राणी लागला. तुझा निकाल येईल, तू हसशील, मुलांना खऱ्या रंगाबद्दल सांगशील, असं मी धरून चालले होते.

मी वर्गात तुझं पत्र वाचलं. "रंग हुबेहूब साधलाय" म्हटल्यावर राणीवाले बाकांवर चढून नाचले. मी गोंधळून पुन्हा तीच ओळ वाचली. तेवढ्यात प्राची माझ्याजवळ आली. ती बोलते कमी, पण बोलते तेव्हा मुद्द्याचं. म्हणाली, "टीचर, आजीला दिसत नाय."

मी म्हटलं, असं का वाटतं तुला. ती म्हणाली, "आमचे आजोबा पण ऑपरेशनच्या आधी असंच करायचे. मी काय पण दाखवलं ना, की हात लावायचे नि बोलायचे, एकदम मस्त झालंय."

घरी येऊन मी तुझी पत्रं पुन्हा वाचली. आवाज आहे, वास आहे, काट्याची लांबी आहे. एकाही पत्रात रंग नाही, हा एक सोडून. अक्षर मोठं कुणासाठी होतं ते आता कळलं. बिघडलेला कॅमेराही कळला. मी मूर्खासारखी ते कागद भिंतीवर लावून मिरवत होते. मराठीत गुंडाळणं म्हणजे फसवणं, हे वैभवला अजून माहीत नाही, पण तू आम्हाला पद्धतशीर गुंडाळलंस, मावशी.

मला राग आलाय आणि त्याहून जास्त भीती वाटते आहे. तुला किती दिसतं? गॅस कसा पेटवतेस? डॉक्टरकडे गेली होतीस का? मी अजून आईला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती तुला घेऊन आल्याशिवाय राहणार नाही आणि ते घर संपलं, हे मला कळतं. न सांगता गप्प बसले आणि उद्या तुझ्या पदराने पेट घेतला तर मी आईला आणि स्वतःला काय तोंड दाखवू? काय करू, तूच सांग.

स्पृहा

ता. क. वैभव विचारतो, उग्र वास तर चिचुंद्रीला येतो, गुंडाळूला पण येतो का? पुस्तकात तसं काही नाही.


भुज,
२५ जानेवारी २०२५

स्पृहा,

डोळे माझे आहेत आणि घरही माझं आहे.

एवढंच लिहून पाकीट बंद केलं होतं. मग पुन्हा उघडलं, कारण तुझ्या प्राचीपुढे खोटं चालणार नाही.

मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलं, साधं ऑपरेशन आहे. मला उजेड कळतो, माणूस हलला की कळतं, समोर कोण आहे ते बोलल्यावर कळतं. भाताचं पाणी बोटाने मोजते. गॅस हंसाबेनने लायटरचा आवाज ऐकून पेटवायला शिकवलाय. दोनदा बोट भाजलं, ते सगळ्यांचंच भाजतं. तुझी पत्रं हंसाबेनच हिंदीसारखी अक्षरं लावत वाचून दाखवते, तिला मराठी कळत नाही, मला कळतं.

मला ऑपरेशनची भीती नाही. तुमची आहे. ऑपरेशन म्हटलं की तुझी आई येणार. ताईला आराम हवा म्हणून प्रभादेवीला नेणार. मग थोडे दिवस थांब, मग पावसाळा होऊ दे, मग दिवाळी आलीच आहे. मग कुणीतरी माझी कपाटं रिकामी करायला भुजला येईल आणि येताना गिऱ्हाईक शोधून येईल. सगळे प्रेमानेच करतील, म्हणून तर मला कुणाशी भांडताही येणार नाही. या घराच्या भिंती उभ्या राहताना विटेवर पाणी मी मारलंय. काका नाहीत, मला घर तरी राहू दे.

आईला सांगितलंस तर माझं पत्र पुन्हा येणार नाही.

वैभवला सांग, गुंडाळूला वास येतो. मला माहीत आहे.

कालिंदी


अँटॉप हिल,
६ फेब्रुवारी २०२५

ती. मावशी,

नमस्कार. तुझं पत्र मी वर्गात वाचलं नाही. वैभवला मात्र निरोप दिला. त्याचं समाधान झालेलं नाही.

आईला मी सांगणार नाही. तिने मला सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही. म्हणजे तुझ्याजवळ थोडाच वेळ आहे, कारण तिला सरळ विचारायची सवय आहे.

घराबद्दल माझा शब्द घे. ऑपरेशन भुजला कर नाहीतर मुंबईत, तुझं घर विकायचा विषय कुणी काढला तर मी आईशी भांडेन, आणि तुला भुजच्या तुझ्या दारात मी स्वतः आणून सोडेन. तुझ्या जावयाला, अवधूतलाही सांगितलंय. तो म्हणाला, तिकिटं मी काढतो. पण तू न दिसणाऱ्या डोळ्यांनी त्या घरात राहावंस, हे मला मान्य नाही. घर तुझं असेल तर ते तुला दिसलं पाहिजे.

आमच्या वर्गात आता एक खेळ आहे. एकाने चादर घेऊन गुंडाळू व्हायचं. बाकीच्यांनी हात लावायचा नाही, हाका मारायच्या नाहीत, नुसतं लांब बसायचं, आणि तो आपण होऊन नाक बाहेर काढेपर्यंत उठायचं नाही. पहिल्या दिवशी कुणालाच दम निघाला नाही. मनवाने तर चादरच ओढली. आता मुलं बसतात. काल वैभव इतका वेळ आत राहिला की आम्हाला वाटलं झोपला, तरी कुणी उठलं नाही.

मीही तेवढंच करणार आहे. तुला ओढणार नाही आणि उठूनही जाणार नाही. दर आठवड्याला पत्र येईल, तू उत्तर दे नाहीतर देऊ नकोस. हंसाबेनला एकेक अक्षर लावत वाचावं लागतं हे माझ्या लक्षात आहे, म्हणून मीही आता मार्करनेच लिहिते आहे.

तुझी,
स्पृहा


भुज,
२ एप्रिल २०२५

चि. स्पृहा,

आशीर्वाद, आणि या वेळी बारीक पेनाने.

तुझी सगळी पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही, कारण मी रुसले होते, आणि नंतर डोळ्यांत थेंब घालायचे होते. तुझ्या आईने फोनवर तुला "ताई बरी आहे, सविस्तर तीच लिहील" एवढंच सांगितलं ते मीच सांगायला लावलं. म्हटलं, सांगायचं ते मी सांगेन.

आधी मुलांचं, कारण ते सोपं आहे. वैभवला म्हणावं, तू जिंकलास. दुसरा डोळा उघडल्यावर मी संध्याकाळी ओट्यावर जाऊन बसले. थाळी भरून ठेवली होती. खसखस झाली, वास आला आणि भिंतीच्या कडेकडेने एक चिचुंद्री येऊन पाणी पिऊन गेली. दोन वर्षं मी तिची वाट पाहत होते. शेळो केव्हाच यायचा बंद झाला असणार. आजूबाजूला घरं उठली, त्याला जागा कुठे राहिली. गिरगावात वाढलेली बाई चिचुंद्रीचा वास ओळखत नाही असं होईल का? पण काकांनी ज्याच्यासाठी थाळी ठेवली तोच येतोय असं मला हवं होतं, म्हणून मी वासालाही त्याचंच नाव दिलं. शेळोबद्दल जे लिहिलं ते सगळं खरं आहे, डोळे चांगले असताना पाहिलेलं आहे. फक्त वास आणि "अजून येतो" एवढं खोडा. रंगही लिहून घ्या. तोंड काळपट, कपाळावर पांढरा पट्टा, काटे मातकट, टोकाला फिके. राणी कुठेच नाही. आणि मुलांना सांग, चिचुंद्री उंदराची कुणी लागत नाही. ती किडे खाणारी, गुंडाळूच्या नात्यातली. म्हणजे त्याची एक नातलग लालबागच्या प्रत्येक गल्लीत राहते. तिला झाडूने मारायच्या आधी जरा बघा म्हणावं.

आता दुसरं. तुझ्या आईला मीच फोन केला. तुझ्या त्या खेळाच्या पत्रानंतर चार दिवस गेले आणि मला राहवेना. म्हटलं, मला दिसत नाही, ये. ती आली. मी भांडायची सगळी तयारी करून बसले होते. घर विकायचं नाही, मुंबईला येणार नाही, ऑपरेशन इथेच. ती प्रत्येक गोष्टीला बरं म्हणाली. मला वाटलं, बाई डाव टाकते आहे.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोर तीच बसली होती. आधी मी ओळखलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे काकांच्या वेळी आलेली ती होती, पदर खोचून सगळ्यांना हुकूम सोडणारी. आणि इथे एक म्हातारी बाई, केस पांढरेफटक, गळ्याची हाडं वर आलेली, ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. आवाज मात्र तोच, म्हणून इतके दिवस फोनवर मला काही कळलं नाही.

मग मी पाहत गेले. पाहण्याची हौसच होती. चार दिवसांचे कपडे घेऊन आली होती, महिना झाला तरी जायचं नाव काढत नाही. दुपारी मी आडवी झाले की दारात येऊन पाहून जाते. पहिल्या दिवशी दोन पोळ्या खाल्ल्या तेव्हा स्वतःच दचकली आणि म्हणाली, "घरात दुसऱ्या माणसाचा आवाज असला की जेवण जातं गं." आणि उठून उरलेल्या पोळ्या लाटायला लागली.

मी इतकी वर्षं समजत होते की ती मला सांभाळायला बोलावते आहे. तूही तेच समजलीस. तुला दोष देत नाही, तू दर रविवारी तिला भेटतेस आणि सारखं पाहणाऱ्याला कमीच दिसतं. मला ते एकदम दिसलं.

घर विकणार नाही. हंसाबेन किल्ली ठेवेल, दिवाळीनंतर मी इथे परत येईन आणि तुझा शब्द तेव्हा लागेल. पण जूनमध्ये मी प्रभादेवीला येते आहे. तुझ्या आईला मी एवढंच सांगितलंय की डोळे अजून नाजूक आहेत, एकटीने जमत नाही, मला तुझी गरज आहे. ती लगेच उठून बॅग भरायला लागली, मला ओरडली, औषधं कुठे ठेवलीस म्हणून. किती दिवसांनी तिला असं ओरडताना पाहिलं.

डॉक्टर म्हणतात, मला आता सुईत दोरा ओवता येईल. हे तिला सांगू नकोस.

तुझी,
कालिंदीमावशी